पाहुण्यांची खोली

पाहुणे आले की काढायची म्हणून जपून ठेवलेली भांडी कुणाच्या घरात नसतात? आमच्या तेरेक-बेल गावात तर घरटी एक लाकडी पेटी असते, तिच्यावर छतापर्यंत नव्या रजया रचलेल्या असतात, आणि घरातली पोरं मात्र जुन्या रजईत पाय आखडून झोपतात. विचारलं तर आया म्हणतात, "उद्या कुणी आलं म्हणजे?" हा उद्या कधी उगवतो, कधी उगवतच नाही. रजयांचं ठीक आहे. रजई दहा वर्षांनी काढली तरी ऊब देतेच. पण सगळ्याच गोष्टी अशा थांबून राहत नाहीत. आमच्या गावच्या बालवाडीत जे घडलं ते म्हणूनच सांगायला हवं.

बालवाडी बुरुलचा-एजेची; एजे म्हणजे ताई, मोठ्या बाईला आमच्याकडे तसंच म्हणतात. सरकारदरबारी ती गावाची असली तरी गावाच्या तोंडी तिचीच. सोव्हिएत काळ संपला तेव्हा बालवाडी बंद पडली आणि त्या इमारतीत कुणीतरी मेंढ्या बांधायला लागलं. बुरुलचा तेव्हा तरुण होती. चार-पाच आयांना हाताशी धरून तिनं लेंड्या उपसल्या, भिंतींना चुना फासला आणि बारा-पंधरा पोरं गोळा करून शाळा मांडली. खिडक्यांना काचा नव्हत्या. पहिल्या हिवाळ्यात मुलं कोट आणि टोप्या घालूनच सूप प्यायची.

काचा कुठून आणायच्या? नारीन शहरातल्या कचेरीत हेलपाटे घालून ती दमली. मग कुणीतरी सांगितलं, परदेशात संस्था असतात, त्यांना पत्र लिही. शब्दकोश मांडीवर घेऊन बुरुलचा इंग्रजी पत्रं लिहायला बसली. एकदा तिनं शेगडी मागितली तर तिकडून स्वयंपाकाचं पुस्तक आलं. ते पुस्तक दाखवत गावभर हसत फिरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र लिहायला बसली. अशी बाई! हळूहळू काचा आल्या, कोळशाची भट्टी आली, छोट्या खाटा आल्या. आणि मग एका वसंतात खेळण्यांनी भरलेलं पहिलं खोकं आलं.

ते खोकं तिनं मुलांच्या मधोमध उघडलं होतं. मुलं काय आनंदली! उन्हाळा येईपर्यंत गाड्यांची चाकं निखळली, बाहुल्यांचे हात गेले, ठोकळे कुणाकुणाच्या घरी पोचले. शरद ऋतूत त्या संस्थेचा माणूस पाहणीला आला. त्यानं विचारलं, "आम्ही पाठवलेलं सामान कुठे आहे?" बुरुलचापाशी दाखवायला एक मोडकी आगगाडी होती. माणूस कागदावर काहीतरी लिहून निघून गेला. त्या हिवाळ्यात कोळशाची मदत आली नाही. ऐन थंडीत बालवाडी बंद ठेवावी लागली, आणि लहानग्यांना कडी लावलेल्या घरात एकटं ठेवून आया गोठ्यात कामाला गेल्या.

तेव्हापासून बुरुलचानं मनाशी गाठ मारली. आलेलं सामान मोडता कामा नये!

पुढे आलेल्या प्रत्येक खोक्यासाठी तिनं कोपऱ्यातली खोली राखून ठेवली. दाराला काच, काचेवर पाटी: 'आंतरराष्ट्रीय मैत्री कक्ष'. आत फळ्यांवर लाकडी ठोकळे, चित्रांची पुस्तकं, कापडी बाहुल्या, एक सुरेख ढोलकं, वेगवेगळे आवाज करणारे खुळखुळे. पाहुणे आले की ती खोली उघडायची, मुलांना कालपाक टोप्या आणि मखमली जाकिटं घालून आत बसवायची, प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू द्यायची. फोटो निघाले की वस्तू परत फळीवर. उरलेल्या दिवसांत मुलं काचेला नाक लावून आत बघायची. रोज सकाळी काचेवरचे नाकांचे ठसे पुसावे लागायचे.

पाहुणे खूश व्हायचे. विभागात बुरुलचाचं नाव झालं. "परदेशाशी संबंध कसे जोडावेत ते तेरेक-बेलच्या बाईंकडून शिका," असं अधिकारी सभांमधून सांगायचे. खोटं कशाला बोला, आम्हा गावकऱ्यांनाही ऐकून बरं वाटायचं.

या बालवाडीत अकमारल नावाची मुलगी होती. पाच वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. तिची आई गुलझात मॉस्कोत एका मोठ्या दुकानाच्या तळघरात साफसफाई करायची. बाप तिच्या जन्माआधीच कुठेतरी निघून गेला होता. पोर वाढत होती आजीपाशी, झूरा-आपापाशी. दोन वर्षांची असताना अकमारलला भयंकर ताप आला, आठवडाभर शुद्ध नव्हती. वाचली, हीच अल्लाची कृपा, असं म्हणून आजीनं मेंढी कापून गावाला जेवण घातलं. त्यानंतर मुलगी बोलेनाशी झाली. "तिचा आजाही उशिराच बोलायला लागला होता," आजी सांगायची. "आणि एकदा लागला तो मरेपर्यंत थांबला नाही, मेला!"

बालवाडीत अकमारलला सगळे हट्टी म्हणायचे. हाक मारली तर बघायची नाही. "खेळणी आवरा" म्हटलं की सगळी मुलं उठायची, ही बसून राहायची. गाण्याच्या वेळी इतरांच्या तोंडाकडे बघत उगीचच ओठ हलवायची. पेरिझात नावाची तरुण शिक्षिका होती, मनानं चांगली, पण पंचवीस मुलं सांभाळताना तिचाही तोल जायचा. "आई नाही घरात, आजीच्या लाडानं शेफारली आहे," असं म्हणून ती अकमारलला कोट टांगायच्या खोलीतल्या बाकावर बसवून ठेवायची. अकमारल तिथे कोटांच्या बाह्यांशी खेळत बसायची.

एकदा पाहुण्यांसाठी ती खोली उघडली तेव्हा अकमारलच्या हाती ढोलकं आलं. तिनं त्यावर थाप मारली आणि दचकली. मग ढोलकं पोटाशी घट्ट धरून पुन्हा पुन्हा थापा मारायला लागली, गाल त्याच्या चामड्याला लावून हसायला लागली. फोटो संपले, पाहुणे चहाला गेले, तरी ती ढोलकं सोडेना. पेरिझातनं एकेक बोट उचलून ते सोडवलं. पोरीनं जमिनीवर अंग टाकलं, असा टाहो फोडला की चहाच्या टेबलापर्यंत ऐकू गेला.

"काय झालं?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," बुरुलचा हसून म्हणाली. "मुलांना आमची ही खोली फार आवडते!"

हे सारं असंच चालू राहिलं असतं. पण त्या वर्षी मार्च महिन्यात युरोपातून येणाऱ्या पाहुण्यांनी ऐनवेळी येणं रद्द केलं. आणि त्याच आठवड्यात पेरिझात चाचरत चाचरत बुरुलचाच्या खोलीत आली. फोनवर बालवाडीच्या शिक्षिकांचा एक गट होता. निरनिराळ्या देशांतल्या बायका त्यात एकमेकींना अडचणी सांगायच्या, युक्त्या सांगायच्या. त्यातली एक बाई आपल्याकडे यायला तयार होती.

"कुठली?" बुरुलचानं चष्मा वर केला. "जर्मनी?"

"मंगोलिया, एजे. बायान-उल्गीची. कझाख आहे, म्हणजे बोलणं आपल्याला कळेल."

"मंगोलिया!" बुरुलचानं चष्मा पुन्हा खाली घेतला. "अगं, तिथे आपल्याहून जास्त काय आहे? मेंढ्याच ना? ती आपल्याला काय देणार, आणि आपण तिला काय दाखवणार?"

"ती म्हणते, आठवडाभर मुलांत बसते. बाकी काही नको."

"बसू दे मग. पिठाचे बोरसोक तळायला सांग. त्या खोलीचं कुलूप काढायची काही गरज नाही."

कोरलान आली ती मिनीबसमधून, चिखलानं माखलेले बूट आणि एक लोकरीची थैली घेऊन. वय बुरुलचाएवढंच, पन्नाशीचं. थैलीत वाळवलेल्या दह्याचे गोळे आणि मेंढीच्या घोट्याच्या हाडांचा ढीग होता, आपल्याकडे मुलं चुको खेळतात तीच हाडं. फक्त हिनं ती लाल, पिवळी, निळी रंगवली होती.

"एजे, आधी चहा घ्या," बुरुलचा म्हणाली.

"चहा मुलांबरोबर घेऊ की," म्हणत कोरलाननं बूट काढले आणि सरळ मुलांच्या सतरंजीवर जाऊन मांडी घातली. हाडं ओतली. पोरं गुळाला मुंगळे लागावेत तशी चिकटली. कुणी रंग वेगळे करतंय, कुणी मोजतंय, कुणी त्यांचा कळप करून हाकतंय. बुरुलचा दारात उभी राहून बघत होती. तिला मनातून हसू येत होतं. मेंढीची हाडं घेऊन एवढ्या लांब यायचं!

दोन दिवस कोरलान तशीच बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेरिझातला विचारलं, "ती मुलगी बाकावर का बसते?"

"ऐकत नाही म्हणून."

"ऐकत नाही, की ऐकू येत नाही?"

कोरलान उठली, अकमारलच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि जोरात टाळी वाजवली. पलीकडच्या खोलीतल्या सगळ्या पोरांनी माना वळवल्या. अकमारल कोटाची गुंडी काढण्यात गुंग होती. कोरलाननं नावानं हाक मारली. दोनदा मारली. काहीच नाही. मग तिनं लाकडी जमिनीवर पाय आपटला, आणि अकमारल झटकन वळून हसली.

बुरुलचा तिच्या खोलीतून बाहेर आली होती. "काय चाललंय?"

"एजे, तुमच्याकडे ढोल आहे का एखादा?"

"आहे. पण तो..." बुरुलचा अडखळली. "ते सामान पाहुण्यांसाठी असतं."

"मग मी कोण आहे?"

बुरुलचानं किल्ली आणली. खोली उघडली गेली. ढोलकं अकमारलच्या हाती आलं आणि ती पूर्वीसारखीच त्याला गाल लावून हसायला लागली. कोरलान थाप मारायची, अकमारल चामड्याला हात लावून मान डोलवायची. मग कोरलाननं हळूच तिचा हात बाजूला केला, ढोलकं तिच्या पाठीमागे नेलं आणि सगळ्या जोरानं वाजवलं. काचा थरथरल्या. दोन मुलांनी कानांवर हात ठेवले.

अकमारल समोर बघत राहिली. आता पुढे काय, म्हणून वाट बघत.

बुरुलचा भिंतीला टेकली. तिच्या नजरेसमोरच फळीवर खुळखुळ्यांची पेटी होती. ती एका परदेशी बाईंनी पाठवली होती. लहान मुलांना नीट ऐकू येतं की नाही हे बालवाडीतच तपासता यावं, म्हणून ते खुळखुळे होते. कसं तपासायचं तेही त्यांनी फोनच्या पडद्यावरून दोनदा समजावून सांगितलं होतं. पेटी आली त्या वर्षी अकमारल तीन वर्षांची होती, नुकतीच बालवाडीत आली होती. पुढे त्या बाई दर वेळी विचारायच्या, "किती मुलांना तपासलंत?" आणि बुरुलचा दर वेळी सांगायची, "सगळी मुलं फार आनंदात आहेत!"

पेटीवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

दुपारी मुलं झोपल्यावर दोघी स्वयंपाकघरात बसल्या. चहा समोर निवत होता. बुरुलचाला बोलल्यावाचून राहवेना.

"तुम्ही मला दोष द्याल. पण एजे, तुम्हाला माहीत नाही. एकदा खेळणी मोडली तर आमचा कोळसा बंद झाला! पोरं थंडीत उपाशी घरी बसली. मी हे माझ्यासाठी नाही ठेवलं. उद्याच्या पोरांना मिळत राहावं म्हणून..."

"उद्याची पोरं उद्या येतील," कोरलान म्हणाली. "आजची पोरं उद्या पोरं राहत नाहीत."

तिनं निवलेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. सेरझान. ऐकू येत नाही हे मला तो सात वर्षांचा झाल्यावर कळलं. तोवर मीही त्याला हट्टीच म्हणायचे. मारलंसुद्धा आहे. आमच्या कुरणात कोण सांगणार? शब्द शिकायचे दिवस निघून गेले. आता घोडा छान हाकतो, मेंढ्या सांभाळतो. भूक लागली की पोटावर हात ठेवतो, थंडी वाजली की खांदे चोळतो. पण कधी कधी संध्याकाळी दाराशी बसून रडतो, आणि का रडतो ते मला विचारता येत नाही आणि त्याला सांगता येत नाही. सांगायला लागतात ते शब्दच कुणी त्याच्या हातात ठेवले नाहीत."

बुरुलचाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"म्हणून मी बालवाडीत आले," कोरलान म्हणाली. "म्हणून देशोदेशीच्या बायकांशी बोलते. सामानासाठी नाही हो. मला जे उशिरा कळलं ते दुसरीला वेळेवर कळावं, एवढ्यासाठी. तुम्ही इतकी वर्षं परदेशाशी बोलताय, एजे. त्यांना कधी एकदा तरी सांगितलंत का, की आमच्याकडे एक मुलगी बोलत नाही, काय करू?"

"कसं सांगणार? त्यांना वाटलं असतं आमचं काम वाईट आहे."

"आणि आता?"

बुरुलचानं डोळे पुसले आणि झूरा-आपाच्या घराची वाट धरली.

त्याच आठवड्यात बुरुलचा स्वतः झूरा-आपा आणि अकमारलला घेऊन राजधानीला, बिश्केकला गेली. दिवसभराचा घाटाचा रस्ता. अकमारल खिडकीला नाक लावून घोडे दिसले की आजीला कोपरानं ढोसायची. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो काढले गेले. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. लहानपणीच्या तापानं दोन्ही कान गेले होते. असा ताप आला तर कानाच्या आतली पोकळी हळूहळू हाडानं भरून येते. ती भरायच्या आधी शस्त्रक्रिया करून यंत्र बसवता येतं.

"मग बसवा की," झूरा-आपा म्हणाली. "गाय विकते, घोडा विकते."

"आता पोकळी उरली नाही, आपा."

"आणि आधी आणलं असतं तर?" हे बुरुलचानं विचारलं. विचारल्यावाचून तिला राहवेना.

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "तीन वर्षांची असताना आणली असती तर... नक्की नाही सांगता येत. पण शक्यता होती."

शक्यता होती! एवढे दोनच शब्द. बुरुलचानं पुढे आम्हाला सांगितलं की कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मॉस्कोला फोन करायचा होता. झूरा-आपानं फोन बुरुलचाच्या हातात दिला. गुलझात तळघरातल्या पायऱ्यांवर बसली होती, डोक्याला फडकं, मागे बादल्या. बुरुलचानं काही लपवलं नाही. ताप, कान, डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. मग खुळखुळ्यांच्या पेटीचंही सांगितलं.

पेटीचं गुलझातनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती दुसरंच काहीतरी जुळवत असावी.

"पण एजे," ती म्हणाली, "मी तिला रोज गाणं म्हणते. रोज, फोनवर. सगळ्या बायका झोपल्या की जिन्यात येऊन म्हणते. ती हसते. तिला आवडतं."

बुरुलचानं फोनचा पडदा अकमारलकडे वळवला.

"मग ती कशाला हसत होती?"

"तुझ्याकडे बघून, बाळा. तुझ्या तोंडाकडे बघून."

पलीकडे गुलझातनं फडक्यात तोंड खुपसलं. अकमारल फोनच्या पडद्यावर आईला बघून उड्या मारत होती, ओठ हलवत होती, आईनं गायला सुरुवात करावी म्हणून वाट बघत होती.

गावात परतल्यावर बुरुलचानं त्या खोलीचं दार कडीकोयंड्यांसकट उखडून काढलं. पाटीही काढली. मुलं आधी आत शिरायलाच तयार नव्हती. उंबऱ्यावर उभी राहून विचारायला लागली, "पाहुणे कुठेत?" पेरिझातला ते ऐकून रडू आलं. "तुम्हीच पाहुणे," ती म्हणाली, "तुम्हीच घरचे. या."

मग बुरुलचानं सगळ्यात अवघड काम केलं. खुळखुळे पाठवणाऱ्या बाईंना फोन लावला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत जे घडलं ते सांगितलं. आता मदत बंद होणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. त्या बाईंनाही रडू आवरत नव्हतं. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी फोटो बघून समाधान मानलं." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या आपल्या ओळखीच्या माणसांशी तिची गाठ घालून दिली. कोरलाननं तिच्या गटात विचारलं. त्या गटातूनच बिश्केकच्या एका तरुण शिक्षिकेचा पत्ता लागला. सिमबात तिचं नाव, स्वतः कर्णबधिर. महिन्यातून एक आठवडा तेरेक-बेलला यायला ती आनंदानं तयार झाली. जे दार बुरुलचानं इतकी वर्षं खोक्यांसाठी ठोठावलं होतं, ते पहिल्यांदा माणसांसाठी उघडलं होतं.

बाकीच्या मुलांनाही तपासलं. आणखी एका पोराचा एक कान वाहत होता. तो औषधानं बरा झाला. वेळेवर!

हिवाळाभर बालवाडी हातांनी बोलायला शिकली. मुलं पटकन शिकली, पेरिझातला थोडा वेळ लागला, बुरुलचाला खूपच. तिची बोटं संधिवातानं आखडलेली. सिमबात हसून तिची बोटं सरळ करायची. झूरा-आपा घरचं काम टाकून पीठ माखलेल्या हातांनी यायची आणि 'दूध', 'मांजर', 'ये' असे शब्द पाठ करून घरी जायची. अकमारलला पहिल्यांदा कळलं की प्रत्येक वस्तूला नाव असतं, तिला स्वतःलासुद्धा एक नाव आहे. त्या दिवशी ती घरभर फिरून एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारत सुटली. आजी दमली, पोर दमली नाही.

पण पाच वर्षांचं मूल आणि दीड वर्षाच्या मुलाएवढे शब्द. मधली वर्षं कुठून आणायची? सिमबात स्पष्ट सांगायची, "पुढे जाईल. पण जी हुकली ती हुकलीच."

पुढच्या उन्हाळ्यात विभागातल्या बालवाडी-प्रमुखांची नारीनला सभा झाली. परदेशी मदत कशी मिळवावी, यावर बोलायला बुरुलचाला बोलावलं होतं. ती उठली आणि सरळ अकमारलची गोष्ट सांगितली. नावं लपवली नाहीत, आपलं तर मुळीच नाही. सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण संपल्यावर कुठल्याशा दूरच्या खेड्यातली एक प्रमुख तिच्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "एजे, तुमच्या त्या खुळखुळ्यांनी आमची पोरं तपासायला येता का? आमच्याकडेही एक आहे. आम्ही तिला मंद म्हणतो."

"उद्याच येते," बुरुलचा म्हणाली.

सप्टेंबरमध्ये गुलझात कायमची परत आली. सगळं गाव बसथांब्यावर जमलं होतं. चार वर्षांत अकमारलनं आईला फक्त फोनच्या काचेवर पाहिलं होतं. ती आधी बुरुलचाच्या मागे लपली, मग हळूच पुढे आली आणि आईच्या गालाला हात लावून बघितला. गुलझात गुडघ्यांवर बसली, तिला कवटाळलं, तिच्या केसांत तोंड लपवून काहीबाही बोलत राहिली.

अकमारलनं स्वतःला सोडवून घेतलं. एक पाऊल मागे सरली, म्हणजे आईला आपले हात नीट दिसावेत. आणि चिमुकल्या बोटांनी तिनं काहीतरी सांगितलं. आईला कळलं नाही. पोरीनं पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, जशी पेरिझात आजीला सांगते तशी.

"काय म्हणते ती, एजे?" गुलझातनं रडत विचारलं. "मला सांगा ना, काय म्हणते?"

यावेळी बुरुलचाला काहीही गोड करून सांगायचं नव्हतं.

"विचारते आहे," ती म्हणाली, "तू इतके दिवस कुठे होतीस?"

वाचकहो, हा प्रश्न त्या पोरीनं एकट्या आईला विचारला असं आम्ही मानत नाही. तो आपल्या सगळ्यांना आहे. देशोदेशी नाती जोडावीत, जरूर जोडावीत, जिथे मिळेल तिथून मुलांसाठी चार गोष्टी आणाव्यात. पण परक्याला आपली सजवलेली खोली दाखवण्याआधी आपली अडचण दाखवायचं धैर्य हवं. आणि मुलांसाठी जे आणलं, ते त्यांच्या हाती आजच पडायला हवं. बालपण कुणासाठी थांबत नाही. ते गेलं की मागे उरलेल्या कोऱ्या करकरीत वस्तूंइतकं लाजिरवाणं या जगात काही नाही.